कुठली पिशवी, ते आधी विचार

डॉक्टरबाई, मी २८ वर्षांची आहे, कागल तालुक्यात राहते. जन्मले तेव्हा माझी लघवीची पिशवी पोटावर उघडी होती. लहानपणी मुंबईत तीन ऑपरेशनं झाली. नऊ वर्षांची असताना आतड्याचा तुकडा लावून पिशवी मोठी केली आणि बेंबीत छिद्र केलं. त्यातून दिवसातनं पाच वेळा नळी घालून मी लघवी काढते. लग्नाला सहा वर्षं झाली, मिस्टरांना सगळं आधीपासून माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी सिझेरियन होऊन मुलगी झाली आणि तेव्हापासून अंग बाहेर येतंय. आधी वैरणीचा भारा उचलला की यायचं, आता संध्याकाळी नुसतं उभं राहिलं तरी येतं. एक डॉक्टर म्हणाले, "पिशवी काढून टाकू, प्रश्नच मिटेल." दुसऱ्यांनी हात लावायलाच नकार दिला. सासूबाई म्हणतात, अजून एक होऊ दे, मग काढ. नेटवर वाचून जाळीची भीती बसलीय ती वेगळीच. काय करू?

(पत्र चार पानी होतं, इथं थोडक्यात दिलं आहे.)

---

वयानं तू माझ्या धाकट्या लेकीएवढी, म्हणून अगं-तूगं करते. राग मानू नकोस.

तुझं पत्र वाचताना मी 'पिशवी' या शब्दाखाली लाल पेनानं रेघा मारत गेले. चार पानांत अकरा रेघा झाल्या. त्यातल्या पाच लघवीच्या पिशवीच्या, चार गर्भपिशवीच्या, आणि दोन ठिकाणी मलाही कळलं नाही तू कुठल्या पिशवीबद्दल बोलतेयस. आपल्या भाषेची ही गंमत तुझ्या बाबतीत गंमत राहत नाही. तुझ्या सासूबाई 'पिशवी काढ' म्हणतात, डॉक्टर 'पिशवी काढू' म्हणतात, सही करायच्या कागदावर आणखी तिसरंच काहीतरी लिहिलेलं असतं. यापुढे कुणीही पिशवी म्हटलं की लगेच विचारायचं: कुठली? गर्भाची की लघवीची? निदान या उत्तरापुरतं मी गर्भाशय आणि मूत्राशय असंच म्हणते. जरा पुस्तकी वाटेल, पण घोळ होणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. अंग बाहेर येतंय, म्हणजे गर्भाशय योनीमार्गातून खाली उतरतंय, एवढ्याच कारणासाठी ते काढून घेऊ नकोस. तुझं गर्भाशय बिघडलेलं नाही, ते ज्याच्यावर बसलंय ते जन्मापासूनच उघडं आहे.

तुझ्या आजाराला डॉक्टर 'ब्लॅडर एक्स्ट्रोफी' म्हणतात. तीस ते पन्नास हजार जन्मांमागे एखाद्या बाळात तो आढळतो आणि मुलग्यांपेक्षा मुलींत कमी. त्यामुळे कोल्हापुरातल्या एखाद्या चांगल्या, हुशार स्त्रीरोगतज्ज्ञानं आयुष्यात असा एकही पेशंट पाहिलेला नसेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. ज्यांनी हात लावायला नकार दिला त्यांच्यावर तू पत्रात चिडली आहेस. माझ्या मते त्या दोघांत जास्त प्रामाणिक तेच.

आता अंग बाहेर का येतं ते बघ. ओटीपोटाच्या अगदी खाली, पुढून हात लावला की हाड लागतं ना, ते इतर बायकांत मधोमध जुळलेलं असतं. तुझ्यात जुळलेलं नाही. दोन्ही टोकांत चांगलं चार बोटांचं अंतर असू शकतं. लहानपणी हाडं कापून जवळ आणली असली तरी अंगाची वाढ होते तशी ती पुन्हा फाकतात. आपण बाळासाठी लुगड्याची झोळी बांधतो, तशी स्नायूंची एक झोळी या हाडांना पुढून आणि माकडहाडाला मागून बांधलेली असते. गर्भाशय, मूत्राशय, गुदाशय सगळं तिच्यावर तोललेलं. तुझ्या झोळीची पुढची दोन टोकं एकमेकांपासून लांब बांधली गेली आहेत, त्यामुळे ती पुढून आ वासून आहे. त्यात तुझा योनीमार्ग आखूड, थोडा पुढच्या बाजूला वळलेला, आणि गर्भाशयाचं तोंड मुळातच दाराजवळ. गर्भाशयाला वरून धरणारे बंदही अशा मुलींत सैल असतात. त्याला खाली यायला फार लांबचा प्रवासच नाही.

म्हणजे वैरणीच्या भाऱ्यानं हे झालं नाही. भाऱ्यानं फक्त दिसायला लागलं. सिझेरियन झालं होतं तरी असं कसं, असं तू विचारलंयस. कळा येऊन बाळ खालून येतं तेव्हा झोळीला जो ताण बसतो, तेवढाच सिझेरियननं वाचतो. नऊ महिन्यांचा भार वाचत नाही आणि मुळातलं अंतर तर नाहीच नाही. या आजारात लग्न न झालेल्या, पोरं न झालेल्या मुलींचंही अंग बाहेर येतं.

हे मी पुस्तकातून नाही, एका पोरीकडून शिकले. पस्तीसेक वर्षं झाली असतील. मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर होते, रुग्णालयाचं नाव सांगत नाही. एकोणीस वर्षांची, बिनलग्नाची मुलगी आली होती, पोटावर व्रणांचं जाळं, बेंबी नाही. आई सोबत. आई दाराकडे बघत, आवाज खाली आणून सांगत होती, "अंग येतंय वो तिचं भाईर." आमचे मोठे डॉक्टर हसले आणि म्हणाले, कुमारिकेचं अंग बाहेर येत नसतं. त्या माउलीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला अजून दिसतं, कारण त्या वाक्यातला दुसरा अर्थ तिला बरोबर कळला होता. तपासणीत गर्भाशयाचं तोंड सरळ बाहेर दिसत होतं. पुढे खालून टाके घालून ते आत बसवलं. टाके घालताना मी मदतीला होते, काम चांगलं झालं असंच आम्हाला सगळ्यांना वाटलं. आठ महिन्यांनी ती परत आली, सगळं जसंच्या तसं. ज्या बंदांत ताकदच नाही त्यांनाच ओढून टाके घातले होते आम्ही, दुसरं काय होणार होतं.

म्हणून गर्भाशय काढण्याबद्दल इतकी ठाम बोलतेय. गर्भाशय काढलं तर झोळी तशीच उघडी राहते. मग योनीमार्गाचा वरचा भाग उलटा होऊन खाली येतो, त्यामागून आतडंही येऊ शकतं. शिवाय वर टांगायला धरायचं काय? गर्भाशयाचं तोंड ही टांगण्यासाठी सगळ्यात भक्कम खुंटी. तीच काढून टाकलीस तर पुढच्या सर्जनचं काम अवघड होऊन बसतं. गर्भाशय काढायची इतर कारणं असतात, गाठी, कॅन्सरची शंका, न थांबणारा रक्तस्राव. तुझ्या रिपोर्टात यातलं काहीच दिसत नाही.

मग काय करतात? पोटातून जाऊन गर्भाशयाचं तोंड एका पट्टीनं धरतात आणि ती पट्टी मागे, कमरेच्या खालच्या हाडाला, माकडहाडाच्या बऱ्याच वर, टाके घालून अडकवतात. वजन मागच्या हाडावर जातं, पुढच्या उघड्या झोळीवर कमी येतं. डॉक्टर याला सॅक्रोहिस्टरोपेक्सी म्हणतात. तुझ्यासारख्या बायकांमध्ये जे मार्ग वापरले गेले त्यांत हा जास्त टिकणारा ठरलाय, तरीही पुन्हा खाली येणारच नाही याची हमी कुणी देऊ नये. 'शंभर टक्के' म्हणणाऱ्या डॉक्टरकडून सरळ उठून यायचं. खालून, योनीमार्गातून बाजूच्या बंदाला टाके घालायची एक पद्धत आहे, ती इतर बायकांत चांगली चालते. तुझा योनीमार्ग आखूड आणि हाडांची ठेवण वेगळी, म्हणून तिथवर ओढ नीट पोचेल का ही शंकाच.

गर्भाशय राखून ते वर टांगायचं, हा विचार आपल्याकडे चांगला जुना आहे. मुंबईच्या डॉ. शिरोडकरांनी मागच्या हाडाला टांगायची रीत बसवली, डॉ. पुरंदऱ्यांनी पुढच्या पोटाच्या स्नायूंवरच्या चिवट पडद्याच्या पट्ट्या वापरून. तरुण बायकांसाठी ही ऑपरेशनं आपल्याकडे कित्येक वर्षं होत आली, मीही पुरंदऱ्यांच्या पद्धतीनं केली आहेत. इथले कुणी डॉक्टर तुला तीच सुचवतील, चांगल्या मनानं सुचवतील. पण तुझं पुढचं पोट म्हणजे जुन्या व्रणांचा प्रदेश. स्नायू मधोमध फाकलेले, तो पडदा आधीच वापरून झालेला, आणि त्याच्या मागेच तुझं वाढवलेलं मूत्राशय आणि बेंबीतून जाणारी वाट. पुढून टांगणं तुझ्यासाठी नाही.

जाळीचं बघू. पट्टी म्हणून बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची जाळी वापरतात, हर्नियाला लावतात त्याच जातीची. नेटवर तू वाचलंस ते खोटं नाही, पण ते दुसऱ्या ऑपरेशनबद्दल आहे. योनीमार्गातून बसवायच्या जाळ्यांनी पुष्कळ बायकांना त्रास झाला. इंग्लंडनं २०१८ मध्ये त्या वापरायचं थांबवलं आणि अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, एप्रिल २०१९ मध्ये अंग बाहेर येण्यासाठीच्या त्या जाळ्यांची विक्री बंद करायला लावली. पोटातून बसवायची जाळी त्या बंदीत नव्हती. तिचे धोके कमी आहेत, शून्य नाहीत: कधी ती योनीमार्गातून डोकावते, कधी चिकटते, कधी जंतू धरते. तुझ्यात आणखी एक अडचण. आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असणार, सोडवताना आतडं किंवा मूत्राशय उघडलं गेलं, तर त्याच वेळी जाळी बसवणं धोक्याचं, कारण तिला जंतू लागले तर ती काढावी लागते. तेव्हा जाळीऐवजी तुझ्याच मांडीतून काढलेल्या पडद्याची पट्टी लावतात, किंवा थांबून नंतर करतात. 'मूत्राशय उघडलं तर तुम्ही काय कराल?' हा प्रश्न सर्जनला विचारायचाच. चांगल्या सर्जनकडे उत्तर तयार असतं.

अजून एक. या ऑपरेशनला एकटा स्त्रीरोगतज्ज्ञ पुरत नाही आणि एकटा युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाचा सर्जन, तोही पुरत नाही. दोघं एकाच वेळी टेबलापाशी हवेत. तुझ्या आतड्याच्या तुकड्याचा रक्तपुरवठा एका नाजूक देठातून येतो, तो कुठून गेलाय हे युरॉलॉजिस्टनंच दाखवावं लागतं. लहानपणी मूत्रवाहिन्या दुसऱ्या जागी जोडल्या असतील तर त्या नेहमीच्या ठिकाणी सापडणार नाहीत. दुर्बिणीतून होईल की पोट उघडावं लागेल, हेही आत काय दिसतं त्यावर. पोट उघडावं लागलं म्हणून सर्जन कमी दर्जाचा, असं समजू नकोस.

यासाठी तुझे जुने कागद लागतील. डिस्चार्ज कार्डांची शाई उडालीय असं तू लिहिलंयस. डिस्चार्ज कार्ड नसलं तरी चालेल, ऑपरेशन नोट हवी. मुंबईच्या त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज कर, जन्मसाल आणि आईवडिलांचं नाव घाल, तेव्हाचं माहेरचं नाव घालायला विसरू नकोस. बहुतेक अर्ज तिथंच अडकतात. नोट मिळाली की दोन गोष्टी शोधायला सांग: आतड्याचा कुठला भाग वापरला, आणि मूत्राशयाचं खालचं तोंड बंद केलंय की उघडं ठेवलंय. उघडं असेल तर अंग वर बसवल्यावर खोकताना-शिंकताना लघवी गळायला लागू शकते, जी आत्ता गळत नाही. हे आधी माहीत असलं की नंतर फसवल्यासारखं वाटत नाही.

ऑपरेशनआधी किडन्यांची सोनोग्राफी, क्रिएटिनिन, लघवीचं कल्चर, शक्य असेल तर एमआरआय. कल्चरमध्ये जंतू निघतीलच. आतडं लावलेल्या मूत्राशयात ते कायम राहायलाच असतात. ताप नाही, दुखत नाही, तर प्रत्येक रिपोर्टला गोळ्या खात बसू नकोस, ऑपरेशनआधी मात्र त्यांचा बंदोबस्त करून घ्यावा लागतो. आतड्याचा शेवटचा भाग वापरला असेल तर बी-१२ उतरतं, तेही तपास. मुतखडे होतात, म्हणून सलाइननं मूत्राशय धुणं चालू ठेव. कंटाळा येतो, माहीत आहे मला.

आणि हे सगळ्यांना, अगदी दात काढणाऱ्या डॉक्टरलाही सांग: तुला रबराची अॅलर्जी असू शकते. लहानपणापासून वारंवार ऑपरेशनं झालेल्या मुलांमध्ये ती बरीच दिसते. तू एका ओळीत, जाता जाता, लिहिलंयस की लेकीच्या वाढदिवसाला फुगे फुगवताना ओठ सुजले आणि मिस्टर हसले. मी नाही हसले. ऑपरेशनच्या टेबलावर पोट उघडं असताना हातमोज्याच्या रबरानं हेच आतून झालं तर जिवावर बेततं. फाइलच्या वरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिही: 'लॅटेक्स अॅलर्जीची शंका'. नळीही सिलिकॉनची किंवा पीव्हीसीची, लाल रबराची नको.

सासूबाईंच्या बोलण्यात एक गोष्ट बरोबर आहे. दुसरं मूल हवं असेल तर ते आधी, टांगायचं ऑपरेशन नंतर, असाच सर्वसाधारण क्रम. टांगलेल्या गर्भाशयात मूल राहिलेल्या बायका आहेत, पण केलेलं काम पुन्हा सैल व्हायची भीती असते. फक्त, मूल हवं की नको हे ठरवणार तुम्ही दोघं. तुझी किडनी कशी आहे, पहिल्या वेळी लघवीचा त्रास किती झाला, यावर ते ठरावं. दिवस राहिले तर पहिल्या आठवड्यांपासून युरॉलॉजिस्टला सांगायचं, सिझेरियनची तारीख आधी ठरवायची आणि त्या वेळी युरॉलॉजिस्ट हजर हवा. मध्यरात्री कळा येऊन घाईत कुणीतरी पोट उघडणं हे तुझ्या बाबतीत टाळायचं. आणि घरी लघवीवर करायच्या टेस्टवर विसंबू नकोस. आतड्याच्या चिकट स्रावामुळे ती दिवस राहिले नसतानाही दोन रेघा दाखवू शकते. रक्ताची तपासणी कर. पत्रात ते 'दोन महिन्यांपूर्वीचं प्रकरण' लिहिलंयस ना, आनंद आणि मग रडारड, ते असंही झालेलं असू शकतं.

तोपर्यंत? गर्भाशयाला खालून आधार द्यायला योनीमार्गात सिलिकॉनची रिंग बसवून बघ. तुझ्या ठेवणीत ती टिकेलच असं नाही, पुष्कळदा घसरते, पण तासभर लागणारी गोष्ट आहे, बघायला काय जातं. खालचे स्नायू आवळायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घे. झोळीची बांधलेली टोकं त्यानं जवळ येणार नाहीत, थोडा आधार मिळेल इतकंच. बद्धकोष्ठ होऊ देऊ नकोस, कुंथणं भाऱ्याइतकंच वाईट. भारा मात्र आता मिस्टरांनी उचलायचा. धार काढायला उकिडवं न बसता स्टूल घे.

नवराबायकोच्या संबंधांचं तू शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात विचारलंयस. अंग आत ढकलून संबंध ठेवले तर त्यानं आतलं काही फाटत नाही. दुखत असेल तर दार अरुंद आहे का ते तपासून घे, त्याचाही इलाज होतो. ऑपरेशनआधी सर्जनला स्पष्ट सांग की तुम्हाला संबंध ठेवायचे आहेत, म्हणजे टाके घालताना ते ध्यानात ठेवतील. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

दोन गोष्टींत थांबायचं नाही, रात्र असली तरी. बेंबीतून नळी जात नाही आणि लघवी तुंबलीय, किंवा पोट एकदम कडक होऊन दुखतंय, ताप, उलटी: वाढवलेलं मूत्राशय फुटू शकतं, आणि अपेंडिक्स समजून वेळ घालवला जातो. आणि बाहेर आलेला भाग आत जात नाही, काळानिळा पडलाय किंवा रक्त येतंय. अशा वेळी थेट सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, ये आणि दारातच सांग, 'माझ्या मूत्राशयाला आतडं लावलंय.'

सुरुवातही सीपीआरपासून केलीस तरी चालेल. स्त्रीरोग विभागात केस पेपर काढ, किडनीच्या तपासण्या इथंच होतील, आणि तिथून पुण्याला ससूनला किंवा मुंबईला केईएमसारख्या ठिकाणी, जिथं युरॉलॉजी आणि स्त्रीरोग दोन्ही विभाग एका छपराखाली आहेत, तिकडची चिठ्ठी घे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. तुझं ऑपरेशन त्यातल्या कुठल्या पॅकेजखाली घेणार हे भरती व्हायच्या आधी आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडून, लिहून घे, दोन विभागांचं काम आहे म्हणून तिथं हमखास टोलवाटोलवी होते. ऑपरेशननंतर तीन महिने जड काही उचलायचं नाही, तेव्हा म्हशीचं आणि लेकीचं कोण बघणार हे आधी ठरव. माहेरी जाणं सोपं पडेल, असं मला तुझ्या पत्रावरून वाटलं.

मुंबईला जायचं ठरलं तर महालक्ष्मीला खालचा बर्थ बघून तिकीट काढायला सांग. रात्री नळीसाठी उठावं लागेल, आणि हात धुवायला घरचं पाणी बाटलीत घे.